शेंदूर फासलेली चिमणी

"प्यायला हंडाभर मिळंना, अन् हितं पाय धुवायला घागरी चालल्यात!" सारजाबाई माझ्या कानाशी पुटपुटली. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. महाराजांना गावात आणलं होतं खुद्द आप्पारावांनी, गावच्या सगळ्यात मोठ्या बागायतदारानं.

मारुतीच्या पारापुढं सगळा गाव लोटला होता. गावाची विहीर आटलेली. कुणाच्या पायगुणानं, ते महाराजांचं यंत्र सांगणार होतं. यंत्र म्हणजे वरून शेंदूर फासलेली तळहाताएवढी पट्टी.

"कैलासावरचं सिद्ध यंत्र! अमेरिकेचे शास्त्रज्ञ पाया पडले, दिलं नाही! पापी हात लागला की तांबडा डोळा उघडतो!"

पापी कोण, ते आधीच ठरलं होतं. आश्रुबाची सून सुकन्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली आणि विहिरीनं तळ दाखवला. नवी सून, म्हणून सगळ्यांच्या हातापायांवर पाणी घालायचं काम तिच्याकडंच. हात धुतलेल्याच्या तळव्यावर महाराज मूठभर अंगारा चोळायचे, मग यंत्र ठेवायचे. एकाच्याही हातात दिवा लागला नाही. शेवटी सुकन्येनं घागर ठेवली.

"संशयिताला अंगारा नसतो," महाराज म्हणाले, आणि यंत्र तिच्या हातात दिलं. भप्पकन तांबडा दिवा!

"आजच्या आज माहेरी धाडा हिला!" महाराज गरजले.

सासू बायनाबाईनं पदर तोंडात कोंबला. आश्रुबा आप्पारावांचा सालगडी; तो मातीकडं बघत बसला.

मला मात्र पट्टीच्या कोपऱ्यात, शेंदराखाली, एक चिमणी दिसली. माझी चिमणी! जवळच्या मांजरसुंब्याला माझं मोटारी-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. मोबाईलवर बघून, बोटं भाजून घेत शिकले. सर्किटच्या पट्ट्यांचे नकाशे काढते आणि इंटरनेटवर फुकट ठेवते. ज्याला हवा त्यानं घ्यावा, पट्टी बनवून घ्यावी. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चिमणी काढते. हा नकाशा शाळेतल्या पोरांसाठी होता: कुंडीतली माती ओली असली की दिवा लागतो. चोरानं चिमणीसुद्धा पुसली नव्हती.

"महाराज, कैलासावर माझी चिमणी कशी गेली?"

बायका फिसकन हसल्या. मी पट्टी हिसकावलीच. "सुकन्या, हात कोरडे कर, अंगारा चोळ." दिवा लागला नाही. "आप्पाराव, तुम्ही हात भिजवा बघू." सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? भिजवले. दिवा लागला! मग पायाखालचा चिखल लावला. चिखलसुद्धा पापी निघाला.

"यात तांब्याच्या दोन रेघा आहेत," मी म्हणाले. "मधे ओल आली की वीज इकडून तिकडं जाते. तुमचे हात राखेनं कोरडे, तिचे ओले. संपलं."

"यंत्र कोपलं! बाटवलं बाईनं!" म्हणत महाराज जीपकडं सटकले.

मला वाटलं, सुटली पोरगी. कसलं काय!

"यंत्र खोटं आसंल, ताई," आप्पाराव हात पुसत म्हणाले, "पण पाणी तर आटलंच ना? ही आली अन् आटलं."

आणि माना हलल्या! आत्ता डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांच्या माना. असा संताप आला की पट्टी आपटावी.

"अरे, पोरीच्या पावलानं पाणी आटतं होय? ते जमिनीतनं कुठंतरी जातं. कुठं जातं, ते विचारा! त्याला सिद्धी लागत नाही, तोंड लागतं!"

विहिरीला लागून आप्पारावांची हिरवीगार मोसंबीची बाग. तिकडं सोडून सगळे सगळीकडं बघत होते. सुकन्या कपड्यांची पिशवी भरायला घराकडं वळली.

तेव्हा आश्रुबा उठला. सुनेच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"मालक," तो म्हणाला, "तुमचा बोअर पडला अन् त्याच हप्त्यात हीर आटली. मोटार रोज मीच चालू करतो. गावाचं पाणी माझ्या सुनंनं न्हाई पिलं. तुमच्या बागंनं पिलं."