चव्वेचाळिसावा तारा

“निळ्या तुकड्यावर थोडी जागा राहू दे गं डेलिया. देश अजून वाढतोय,” सासूबाईंनी बजावलं होतं.

“अडतीस राज्यं झाली की सासूबाई! आता आणखी किती वाढणार?” असं म्हणत डेलियानं हसून दोरा तोडला आणि तारे अगदी दाटीवाटीनं, कडेपर्यंत बसवले. सासूबाई पुढे थोरल्या लेकाकडे आयोवाला राहायला गेल्या. त्यांचं बोलणं खरं होताना पाहायला मागे राहिलो आम्ही दोघंच, डेलिया आणि मी.

मित्रांनो, मी अमेरिकेचा एक जुना, हातानं शिवलेला झेंडा आहे. माझे पांढरे पट्टे पिठाच्या पोत्यांचे आहेत, तांबडे फ्लॅनेलच्या परकराचे. निळा तुकडा डेलियाच्या झग्याचा, जो घालून ती लग्नाआधी शाळेत शिकवायला जात असे. आयडाहोच्या डोंगरांत, ओढ्याकाठच्या एका लाकडी घरापुढे माझी काठी उभी होती. डेलियाचा नवरा एझ्रा मेंढ्या घेऊन महिना महिना डोंगरात असायचा. म्हणून ती रोज सकाळी चूल पेटवली की मला वर चढवायची. ओढ्यापलीकडच्या हुल्डाबाई मला पाहत आणि म्हणत, “उठली बाई पोरगी!”

उन्हाळ्यात कंद खणायला निघालेली, इथली मूळची शोशोनी जमातीची माणसं माझ्याखालून जात. त्यांनी कधी कौतुकानं मान वर केली नाही. माझा एकेक तारा त्यांच्या पायाखालची जमीन कमी करत होता, हे मला फार उशिरा उमगलं.

आमच्याकडची रीत अशी की नवं राज्य आलं की पुढच्या चार जुलैला, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यदिनी, झेंड्यावर एक तारा वाढायचा. डेलियाला भारी घाई. डाकोटा येणार, असं कानावर पडताच तिनं एक तारा आधीच लावून टाकला. आणि डाकोटा आले ते दोन तुकडे होऊन! पाठोपाठ मोंटाना आलं, वॉशिंग्टन आलं. जागा तर राखलेली नव्हती. मग काय, रांगाच्या रांगा उसवायच्या, सरकवायच्या, पुन्हा टाचायच्या. बेचाळीस तारे बसवून ती जरा टेकते न टेकते, तोच चार जुलैच्या आदल्या दिवशी तारेनं बातमी आली की आपलं आयडाहोच राज्य झालं! तो त्रेचाळिसावा तारा घाईत तिरपा बसला. आठवडाभरानं वायोमिंगही आलं, तेव्हा डेलियानं सुई खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

दर खेपेला मी काठीवरून दिवसचे दिवस गायब असायचो. हुल्डाबाईंचे यजमान निल्सकाका ओढ्यापलीकडून ओरडत, “काय गं, उसवलास पुन्हा देश?” सगळं खोरं हसायचं. झेंडा दिसत नाही म्हणजे डेलिया शिवतेय, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये वायोमिंगचा तारा लावून झाला. कडेला चार टाके काय ते उरले होते. आणि त्याच दुपारी डेलिया तापानं फणफणली. एझ्रा डोंगरात. पाळण्यात सात महिन्यांचा ऑरिन. दुसऱ्या दिवशी तिला उठून चूलही पेटवता आली नाही. सरपटत ती पाळण्यापाशी गेली, बाळाला जवळ ओढलं आणि हाताला लागलो म्हणून मलाच त्याच्याभोवती गुंडाळलं. बाळ रडलं, खूप रडलं. मग त्याचा आवाज बारीक होत गेला. मला त्याच्या रडण्यापेक्षा त्या गप्प होण्याची भीती वाटली. मी काठीवर असतो तर फडफडून कुणाला बोलावलं असतं, असं मनात येई. पण मी काठीवर नव्हतो, आणि खोऱ्यातलं प्रत्येक माणूस त्याचा एकच अर्थ लावत होतं.

पुढचं मला हुल्डाबाईंच्याच तोंडून कळलं.

“झेंडा नाही दिसत हो तिचा,” त्या म्हणाल्या.

“वायोमिंग शिवत असेल. चार जुलै जवळ आला ना!” निल्सकाका म्हणाले.

“शिवू दे की. पण तारा लावायला चूल कशाला विझवावी लागते? कालपासून धूर नाही.”

“तू पण ना! ओढ्याला बर्फाचं पाणी चढलंय. उद्या जाऊ.”

“तुम्ही या उद्या. मी निघाले.”

काका बडबडत उठले, घोड्याला खोगीर घातलं आणि दोघं पोटापर्यंतच्या पाण्यातून आली. दार ढकलल्याचा तो आवाज मी विसरलेलो नाही. हुल्डाबाईंनी आधी बाळाच्या छातीला कान लावला, मग माझ्यातून त्याला सोडवलं. काकांनी चूल पेटवली. थेंब थेंब दूध पोटात गेलं तसा ऑरिन रडला, चांगला खणखणीत. डेलियानं डोळे उघडले.

“राष्ट्राच्या झेंड्याचं दुपटं केलंस होय गं?” हुल्डाबाई हसत म्हणाल्या, आणि पदरानंच टिपावेत तसे त्यांनी एप्रनच्या टोकानं स्वतःचे डोळे टिपले.

चार जुलैला मी वर चढलो. उरलेले टाके हुल्डाबाईंनी घातले होते, चांगले ओबडधोबड. पट्ट्यांवर दुधाचा डाग होता. त्या दिवशी सगळ्यांनी माझं जितकं कौतुक केलं, तितकं पुन्हा कधी झालं नाही. पुढे युटा आलं, मग ओक्लाहोमा. यंत्रावर शिवलेले, सरळ रांगांचे झेंडे दुकानात मिळू लागले. मला पेटीत ठेवलं गेलं. कसर लागली, घडीवर विरलो. आता ऑरिनच्या नातीनं मला गावच्या शाळेत काचेमागे टांगलं आहे. मुलं तारे मोजतात आणि तो तिरपा पाहून हसतात. मलाही बरं वाटतं.

मित्रांनो, झेंडा जपा, तो मळू देऊ नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी दुसरं मागतो. तुमच्या शेजारी कुणी तान्ह्या बाळाची आई असेल, नवरा परगावी असेल, आणि तिच्या दोरीवरचे कपडे कालपासून तसेच असतील. कामात असेल, असं तुम्हाला वाटेल. बहुतेक असेलही. तरी आज जरा जाऊन तिचं दार वाजवाल का?