झोपाळ्यावरचा घटस्फोट

बसा. उभ्याने माझं कुणी ऐकत नाही, आणि माझ्यावर बसल्याशिवाय भावनगरात कुणाला अक्कल सुचत नाही. मी सागवानी झोपाळा. चार पितळी कड्या, पाठीला कोरलेले मोर, अंगावर लाखेचा लाल-सोनेरी रंग. संखेड्याला मला घडवणारा सुतार म्हणाला होता, याच्यावर राजाराणी बसतील. बसले ते सल्लागार.

उर्वीच्या बापाने मला लेकीच्या लग्नात दिलं. केयूरच्या घरात माझं स्वागत झालं ते असं: केयूरच्या आईने, म्हणजे बांनी, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "व्याह्यांनी अगदी मोजून दोघांपुरता दिलाय." पुढची कितीतरी वर्षं माझ्यावर बा एकट्याच बसल्या. दोघांची जागा त्यांना बरोबर पुरली.

केयूरचं सुतळी-दोरखंडांचं दुकान. माणूस वाईट नव्हता. त्याला स्वतःचं मत नव्हतं असंही नाही, फक्त आईने ते अजून त्याला सांगितलेलं नसायचं.

मग ध्वनी झाली. बाळंतपण अवघड गेलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, उर्वीला आता पुन्हा मूल होणार नाही. त्या दिवशी बांनी माझ्यावर बसून असा काही सूर लावला की शेजाऱ्यांना वाटलं, घरात कुणी गेलं. गेलं कुणीच नव्हतं. आलं होतं.

सहा-सात वर्षं टोमण्यांत गेली. शेवटी उर्वी म्हणाली, असं रोज मरण्यापेक्षा वेगळं झालेलं बरं. झालं, माझ्या कड्यांना उसंत म्हणून मिळाली नाही. माणसाचा दात दुखला तर तो दातांच्या डॉक्टरकडे जातो. संसार दुखला की मात्र झोपाळ्याकडे येतो. शेजारची म्हणाली, "दागिने घेऊन पहाटे निघून जा." देवळातली मैत्रीण म्हणाली, "उंबरा ओलांडशील तर हक्क गेला." ज्योतिषी म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबा. वकिलाकडे जा, असं एकालाही सुचलं नाही.

या सगळ्यांचे सरन्यायाधीश म्हणजे फुआ, केयूरच्या आत्याचे यजमान. तंबाखूची वखार सांभाळता सांभाळता ते कायदा कुठे शिकले, देव जाणे. उर्वीने एकदा भीत भीत विचारलं, "फुआ, कोर्टात बायकांना फुकट वकील देतात म्हणे."

"फुकटचा वकील काय कामाचा?" फुआ म्हणाले. ते स्वतः सल्ल्याचे काहीच घेत नसत. फक्त गाठिया, कच्च्या पपईचा संभारा आणि तीन वेळा चहा.

शेवटी समाजाची बैठक बसली. पाच वडीलधारे, मधोमध माझ्यावर फुआ. गाठिया संपेपर्यंत घटस्फोट झालासुद्धा. फुआंनी हात वर करून सांगितलं, "आजपासून दोघं मोकळे. समाजाने सोडलं. सामानसुमान नंतर बघू. मुलगी बापाच्या घरी राहील."

"ध्वनीला मला द्या," उर्वी म्हणाली. "बाकी काही नको. हा झोपाळाही नको."

"मुलगी दिली तर समाजात आमचं नाक राहील का?" बा म्हणाल्या. जिच्या जन्माला यांनी सूर लावला होता, तिच्यावाचून आता यांचं नाक राहत नव्हतं.

केयूर जमिनीकडे बघत राहिला. आतल्या खोलीत ध्वनी दप्तरात कपडे भरत होती. तिला वाटलं, आपणही आईबरोबर निघालोय. फुआंनी माझ्यावर पाय वर घेतले आणि चौथा चहा मागवला. मला आयुष्यात एकदाच कडी तुटावीशी वाटली, ती तेव्हा. सागवान फार टिकाऊ असतं हो, हाच त्याचा दोष.

उर्वी माहेरी गेली. ध्वनी रोज शाळेतून आली की माझ्यावर पालथी झोपायची. बा तिला उठवायच्या, "हट, मला बसू दे."

पावसाळा सरला आणि घरात नवीन गडबड सुरू झाली. केयूरसाठी बोटादची मुलगी पाहिली. मुलीकडचे आले, मला झेंडूच्या माळा बांधल्या, आणि गूळ-धने वाटून सोयरीक पक्की करायची वेळ झाली. इथे गोळधाणा खाल्ला की शब्द दिला, असं समजतात. फुआंनी पहिला घास उचलला, तोच दारात उर्वी.

"वाटी इकडे द्या फुआ," ती म्हणाली. "मीही तोंड गोड करते. माझ्या नवऱ्याचं लग्न ठरतंय."

"तुझा कसला नवरा? समाजाने सोडलंय तुम्हाला."

"समाजाने सोडलंय, कायद्याने नाही. मी कोर्टात गेले होते. तिथून जागृतीबेन म्हणून वकील दिल्यात मला. फुकटच्या. त्या म्हणाल्या, कोर्टाच्या हुकमाशिवाय लग्न मोडलेलं नाही. त्याआधी केयूरने दुसरं केलं तर तो गुन्हा."

"आपल्यात असंच चालतं. पिढ्यान्‌पिढ्या चालतं."

"मग ती रूढी तुम्ही कोर्टात उभं राहून सिद्ध करा. जागृतीबेन तुम्हाला बोलावणारच आहेत."

फुआंनी राजकोटच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला. "असं का," म्हणाले. मग "बरं," म्हणाले. मग नुसतंच "हं." हातातला गोळधाणा त्यांनी गुपचूप वाटीत परत ठेवला. बोटादकरांनी चपला घातल्या. मुलीचा बाप जाताना उर्वीपुढे हात जोडून गेला.

"मला केयूरला तुरुंगात घालायचं नाही," उर्वी म्हणाली. "त्याला दुसरं लग्न करायचं असेल तर रीतसर मोकळा होऊन करू दे. मला ध्वनी हवी. आणि ते आता फुआ ठरवणार नाहीत."

पुढचं मी ऐकीव सांगतो, कोर्टात झोपाळ्यांना नेत नाहीत. न्यायाधीशबाईंनी ध्वनीला एकटीला खोलीत बसवलं आणि तिचं तिला विचारलं. त्या घरात जन्मल्यापासून तिला कुणी काही विचारल्याची ही पहिलीच वेळ. ती आईकडे आली, रविवार बापाचा ठरला. माहेरून आणलेलं सगळं उर्वीचंच, म्हणून मीही आलो, हातगाडीवर उताणा पडून.

हल्ली मी उर्वीच्या भाड्याच्या खोलीत असतो. छताला कड्या नाहीत, म्हणून विटांवर ठेवलाय. रविवारी केयूर ध्वनीला न्यायला येतो, माझ्यावर बसतो आणि सवयीने पायाने रेटा देतो. मी हलत नाही. त्याला सोबत फिरायला नेणारं कुणी लागतं, हे ध्वनीला आता कळलंय. ती त्याचं बोट धरते.

तुम्हाला माझं हात नसलेल्याचं हात जोडून सांगणं आहे. घरात असं काही झालं, तर आधी वकिलाचं दार ठोठावा. ऐपत नसेल तर कोर्टातच विचारा. झोपाळ्यावर मग या, खुशाल गाठिया खा.

हे सगळं संपलं असं मला वाटत होतं. परवा संध्याकाळी फुआ आले. एकटेच. माझ्यावर अगदी कडेला बसले. चहा घेईन म्हणालेच नाहीत.

"उर्वी, तुझ्या त्या जागृतीबेन," ते म्हणाले, "आपल्या भाविकाला भेटतील का गं? सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलंय. कालपासून आमच्याकडे येऊन बसलीय, अन्नाला शिवत नाही. पोरगा ठेवून घेतलाय त्यांनी."

"त्यांच्या समाजाची बैठक बसली का फुआ?"

"बसली."

"मग?"

"मग काय. पाच म्हातारे होते. माझी मुलगी आहे ती, उर्वी."

"मीही कुणाची तरी मुलगीच होते, फुआ."

फुआ तंबाखूने पिवळी झालेली बोटं माझ्या मोरांवरून उगाच फिरवत राहिले. उर्वी आत गेली. मला वाटलं, आता ही बाहेर येत नाही. ती आली ती खांद्याला पिशवी लावून.

"भाविकाला सांगा," ती म्हणाली. "कोर्टापाशी ये म्हणावं उद्या अकराला. मी येते तिच्याबरोबर. तुम्ही येऊ नका, तुम्ही मध्ये बोलता. आणि आत्ता चला, आधी तिला जेवायला घालू."