सातवी जागा

आमच्या विमानाला आजवर तीन मालक झाले. पहिला ट्रॅक्टर करायचा. त्याने चाकं इतकी दणकट करून घेतली की विमान नांगरलेल्या शेतात उतरलं तर नुकसान शेताचंच व्हावं. दुसरा फ्रिज करायचा. त्याच्यामुळे दाराला जे रबर लागलं, ते आजही विमानातला सगळ्यात भरवशाचा भाग आहे. तिसरा, म्हणजे सध्याचा, फर्निचरवाला. कंपनी घेतल्यावर पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना जमवून विचारलं, यात टेबल कुठे आहे?

टेबल नव्हतं. सहा माणसांचं छोटं जेट. पुढे दोन पायलट, मागे चार खुर्च्या, शेपटीशी दोन इंजिनं. आत ताठ उभं राहायचं तर जन्मालाच बुटकं यावं लागतं. पण टेबल नसण्याचं खरं कारण जागा नव्हे, माझी आत्या होती.

आत्या वजन विभागाची प्रमुख. विभागात माणसं दोन, ती आणि मी. मी वशिल्याने लागलो असं लोक म्हणतात. खरं म्हणजे अर्ज करणाऱ्यांत मीच सगळ्यात हलका होतो. विमानात जाणारी प्रत्येक वस्तू, अगदी स्क्रूसुद्धा, आधी आत्याच्या काट्यावर चढते आणि मग तिच्या वहीत. नियम एकच: एक किलो आत घालायचा असेल तर एक किलो बाहेर काढा. रंगाऱ्याने विमानाचं अकरा अक्षरी नाव रंगवायला घेतलं, तर तिने रंगाचं वजन बघून चारच अक्षरं मंजूर केली. विमानाला तेच नाव पडलं. कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणतात. मी एकटाच मॅडम म्हणतो, कारण मला तशी ताकीद आहे.

तेवीस वर्षं ती या विमानावर आहे. इंजिनं दोनदा बदलली, पंख एकदा. मधे आठ महिने कारखान्याला कुलूप होतं, तेव्हा ती रोज फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायची, आत कोणी गुपचूप वजन वाढवू नये म्हणून. पण ती स्वतः त्यात एकदाही उडाली नव्हती. चाचण्यांना फक्त पायलट जातात.

मग एक गिऱ्हाईक आलं. भाड्याने विमानं चालवणाऱ्या एका बाईंना अशी वीस जेटं हवी होती. त्यांची अट साधी होती: टाकी पूर्ण भरा, चार प्रवासी घ्या आणि मधे न उतरता चार तास उडून दाखवा. दोन जागा त्यांच्या आणि त्यांच्या इंजिनिअरच्या, तिसरी मालकाची. चौथी आत्याची, असं मोठ्या पायलटने परस्पर जाहीर करून टाकलं. नको म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आत्याने त्यासाठी नवे बूट घेतले. दुकानात काटा घेऊन गेली होती.

उड्डाणाच्या सकाळी मालक टेबल घेऊन आला. भरीव लाकूड, चकचकीत पॉलिश, उचलायला दोन माणसं. काट्यावर बरोबर एकोणीस किलो भरलं. टाकी भरल्यावर आमच्याकडे एक ग्रॅमही शिल्लक राहत नाही, हे मालकाला ठाऊक होतं. नियमही ठाऊक होता.

"काहीतरी बाहेर काढायला हवं, बरोबर?" तो म्हणाला. "तुमचं वजन किती, आत्या?"

"चोपन्न. बुटांसकट."

"मग झालंच की. आज तुम्ही खाली थांबा. विमान काय, पुढेही उडणारच आहे."

मेकॅनिक हातातला पाना पुसत राहिला. पाना स्वच्छच होता. मी काही बोलणार, तेवढ्यात आत्याने माझ्याकडे बघितलं आणि माझं बोलून झालं. वजनाच्या कागदावर तिची सही नसेल तर विमान जागचं हलत नाही. मला वाटलं, आता ती पेन पर्समध्ये टाकेल आणि तडक घरी जाईल. तिने वही उघडली.

"एकोणीस आत, तर एकोणीस बाहेर," ती म्हणाली. "मी चोपन्न आहे. माझे सुटे मिळत नाहीत."

विमानात एकोणीस किलोंची म्हणावी अशी एकच वस्तू होती. बाकीच्या तीन खुर्च्या अकरा-अकरा किलोंच्या. चौथी मालकाने स्वतःच्या कारखान्यातून आणलेली, जाड कातड्याची, एकोणीस किलो चारशे ग्रॅम. तिच्यापायी आम्ही गालिचा काढला होता.

"ती काढलीत, तर मी बसू कुठे?"

"सातव्या जागेवर."

या जागेचा इतिहास असा. नऊ वर्षांपूर्वी आत्याने विचारलं होतं की मागचा संडास एवढा मजबूत आहे, तर तो प्रवासभर रिकामा का? झाकणाला पट्टा लावा, वजन न वाढता एक माणूस वाढेल. कारखाना दोन वर्षं हसत होता. तिने संडासावर पुतळा बांधला आणि सगळं भिंतीवर आदळून दाखवलं. पुतळा हलला नाही, झाकणही हललं नाही. मग सरकारी तपासनीस आले, स्वतः बसले, पट्टा लावला आणि सही केली. ते हसले नाहीत, अशी वहीत नोंद आहे.

"मी संडासात बसून उडू?" मालकाने विचारलं.

"संडासावर. झाकण बंद असतं. पडदा मात्र उडताना आणि उतरताना उघडा ठेवायचा, नियम आहे." तिने पान उलटलं. "तुम्ही मागे गेलात तर विमानाचा तोलही सुधारतो. मी आकडे मांडलेत."

टेबल खालीच राहू दे, असं मेकॅनिक हळूच सुचवत होता. पण गिऱ्हाईकबाई दारात येऊन पोचल्या होत्या आणि टेबलाचं कौतुक त्यांना आधीच फोनवर सांगून झालं होतं. मालकही काही कमी हट्टी नव्हता. टेबल जाणार, तो म्हणाला.

"जशी तुमची मर्जी," असं म्हणून आत्याने सही केली. खुर्चीचे चार बोल्ट मी काढले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात काही खोललेलं नाही.

चार तास अकरा मिनिटं. मी खालीच होतो, मोठ्या पायलटने नंतर सांगितलं. टेबलाजवळची खुर्ची काढल्यामुळे टेबल कोणाच्याच हाताला येत नव्हतं. मालक पडद्याच्या चौकटीतून ते लांबून बघत होता. आत्या बसल्या बसल्या वही उघडून बसली आणि विमान उठलं तशी तिने ती मिटली. मग चार तास नजर खिडकीबाहेर. पायलटने काही विचारलं, तर म्हणाली, नंतर.

उतरल्यावर गिऱ्हाईकबाईंनी वीसची ऑर्डर दिली. सातवी जागा प्रत्येकात हवी होती. टेबल एकातही नको होतं. मालकाने सांगितलं की सातवी जागा ही सुरुवातीपासून कंपनीची खास कल्पना आहे.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या खोलीत आला. टेबल काढलंच आहे, तर आपली खुर्ची परत बसवावी, असं त्याचं म्हणणं.

"टेबल एकोणीस होतं, खुर्ची एकोणीस चारशे," आत्या म्हणाली. "चारशे ग्रॅम कमी पडतात, मालक."

"पण ते वाचले होते ना काल?"

"सातव्या जागेवर गादी घातली. कडक आहे म्हणून तुमचीच तक्रार होती."

मालकाने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काट्यावर ठेवलं. काटा दोनशे दहावर थांबला. आत्याने आकडा वहीत लिहिला, पेन तसंच धरून ठेवलं आणि त्याच्या बुटांकडे बघितलं.