मानचिन्हाला कोयंडा

हे कुणालाही खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याला माझ्याकडून उसाचा रस फुकट: माझ्या नातीनं, दिशानं, कॅनडात एका अख्ख्या चाळीची दारं उपटून बर्फात रचून ठेवली.

हसा. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर माझी रसवंती आहे, आणि लाकडी चरकाभोवती बैल जेवढं चालला नसेल तेवढं मी भाविकांना बोलून दमवलं आहे. याच चरकातून एकदा नागीण निघाली आणि 'बर्फ कमी टाका' म्हणाली, हेही मीच सांगतो. पण दारांची गोष्ट मी हौसेनं सांगितली नाही. काकासाहेबामुळं सांगावी लागली. काकासाहेब माझा शेजारी. त्याची आणि माझी भिंत एकच, बाकी काही एक नाही.

आमच्याकडं घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एक फळी आडवी. राखायला शनिदेव आहे. अलीकडं कुणी कुणी दारं बसवली, नाही असं नाही, पण आमच्या वस्तीवर अजून एकही नव्हतं. दिशा अशा घरात वाढली. राहुरीला शेतीचं शिकली तीसुद्धा रोज एसटीनं ये-जा करून. पोरगी पदवीधर झाली तरी तिच्या हाताला किल्ली ठाऊक नव्हती. आणि तशीच ती मातीचं शास्त्र शिकायला कॅनडाला गेली.

दीड वर्षानं सुट्टीला आली ती वाळून आलेली. पूर्वी हिला गप्प बसवायला गूळ द्यावा लागायचा. आता विचारलं तरच बोलायची, आणि आईनं ताटात भाकरी वाढली की 'थँक्यू' म्हणायची. तिची आई रडायची राहिली तेवढी.

पहिल्याच रात्री दिशानं धान्याची पत्र्याची कोठी फरफटत नेली आणि आपल्या खोलीच्या चौकटीत लावली. दुसऱ्या रात्री तेच. काकासाहेबानं भिंतीपलीकडून विचारलं, मी म्हणालो, घूस आहे, मोठी आहे. मग एक दिवस पोरगी घोडेगावला गेली आणि टेम्पोत घालून प्लायवुडचं दार घेऊन आली. बिजागऱ्या, कडी, कोयंडा, कुलूप, सगळं. बसवलंही स्वतःच. तिचा बाप राम नुसता स्क्रू पुरवत राहिला.

"का गं बाई?" मी विचारलं.

"झोप येत नाही, आबा."

एवढंच. दार लागलं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं माथ्यावर येईपर्यंत ती झोपली. आल्यापासून पहिल्यांदा. परत जायचं की शिक्षण सोडायचं, ते झोप झाल्यावर ठरवीन, असं ती बापाला म्हणाली होती. तेव्हा ते दार आमच्यासाठी काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

आणि काकासाहेब दुपारी रसवंतीवर आला. बाकड्यावर जालन्याकडचे भाविक बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलला.

"कानिफ, तुझ्या घरात दार बसलंय."

"कुठलं दार?"

"भितीतलं. कोयंड्याचं. उद्या सकाळपातूर निघालं पायजे, न्हाईतर मी सोता पहार घिऊन येतो. तुझ्यावर देव कोपला तर कोपू दे, मला काय. पन भित आपली एकच हाय."

"बस," मी म्हणालो. "रस घे. आणि ते दार नाही."

"मग काय हाय?"

"मानचिन्ह आहे."

भाविकांनी ग्लास खाली ठेवले. काकासाहेब बसला. बसला की माणूस माझा.

"कॅनडाची थंडी तुम्हाला सांगतो," मी सुरू केलं. "तिथं म्हशीची धार काढायला बसलं तर चरवीत थेट कुल्फी पडते. अशा थंडीत दिशा कचरा टाकायला बाहेर आली. पायात सपाता. आपल्या चाळीसारख्या एका ओळीत खोल्या, दारं थेट बर्फात उघडणारी. आणि तिथली दारं शिकलेली असतात. माणूस बाहेर पडला की आपली आपण बंद होतात, कुलपासकट. किल्ली आत, पोरगी बाहेर."

"आरं देवा," भाविकांतली एक बाई म्हणाली.

"तिनं शेजारचं दार वाजवलं. उघडलं! चिनी म्हातारी, हातात गरम सूप. पुढचं वाजवलं, नायजेरियाचा पोरगा, घोंगडी घेऊनच उभा. त्याच्या पुढं सरदारजी, म्हणाला, बेटी, पराठा खा, मग रड."

"मराठीत म्हनला?" काकासाहेबानं विचारलं.

"भूक लागल्यावर कुठलीही भाषा कळते. तर सगळी चाळ बाहेर. दिशानं त्यांना आपल्या गावाचं सांगितलं. दार नाही, कुलूप नाही, राखायला देव. सगळे लाजले. ज्यानं त्यानं पाना-पक्कड आणली, दारं उपटली, बर्फात गंजी रचली. दुसऱ्या दिवशी चोर आला. फोडायला काहीच नाही! पायरीवर बसून ढसाढसा रडला. त्यालाही सूप दिलं."

बाई पदर तोंडाला लावून हसत होती. काकासाहेबाच्या मिशा हलल्या, म्हणजे तोही हसत होता.

"मग विद्यापीठाचे मोठे साहेब आले. त्या गंजीतलं एक दार काढलं, दिशाच्या हातात दिलं, म्हणाले, पोरी, हे तुझं मानचिन्ह, घरी लाव. तेच लावलंय. आता मानचिन्हावर पहार चालवतोस का, सांग."

"लई बेनं हाय तू," काकासाहेब म्हणाला. "पन मानचिन्हाला कोयंडा कशाला रं?"

मी तोंड उघडलं. कोयंड्याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं, शप्पथ.

"आबा, खोटं आहे हे."

उसाच्या मोळ्यांमागं दिशा उभी होती, हातात माझ्या जेवणाचा डबा. कधीची, कोण जाणे.

"कुणीही दार उघडलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी वाजवलं की आतला दिवा बंद व्हायचा. दाराखालच्या फटीतला उजेड जायचा. एकेक करत सगळी ओळ काळी झाली. शेवटी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसले सकाळपर्यंत."

काकासाहेबानं हातातला ग्लास बाकड्यावर ठेवला.

"त्याचं काही वाटत नाही आता. पुढच्या थंडीत एक नवा मुलगा राहायला आला. तोही तसाच, अंगात नुसता शर्ट, किल्ली आत. त्यानं माझं दार वाजवलं. दाराला बघायला भोक असतं, त्यातून मी बघितलं त्याला."

"आन् उघडलंस," काकासाहेब म्हणाला.

"दिवा बंद केला, काका."

तिनं डबा बाकड्यावर ठेवला.

"तिकडं तो रोज रात्री स्वप्नात येऊन वाजवून वाजवून निघून तरी जायचा. इथं दारच नाही. माझा डोळा लागला की सरळ आत येतो आणि खाटेपाशी उभा राहतो. म्हणून बसवलंय. आबांच्या सगळ्या गोष्टीत तेवढं एक खरं, मानचिन्हच आहे ते. तुम्ही पहार आणा खुशाल. पण मग रात्री आमच्या घरात कोण शिरतं, ते शनिदेवाला बघायला सांगा."