कोंबडा म्हणून ओरडणारे

मी एक जुना शिकारी कोट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला तुमची कीव नको. कीव करायचीच असेल तर सध्या जो माणूस माझ्यात हात घालून आरशासमोर उभा राहतो त्याची करा. बंदूक खांद्याला लावून स्वतःकडेच बघत असतो. आरशात फेझंट पक्षी थोडेच उडतात!

माझा जन्म अमेरिकेतला, मिनेसोटातल्या एका शिवणघरातला. जाड कॅनव्हास, वरून मेणाचा हात, छातीवर काडतुसांचे कप्पे, खांद्यांवर नारिंगी पट्टे. पाठीत एक भलामोठा खिसा आणि त्याला आतून रबरी अस्तर. मारलेला पक्षी त्या खिशात जातो, म्हणून. मला शिवणाऱ्या बाईने आयुष्यात शिकार केली नव्हती, पण तिची शिवण आजही उसवलेली नाही. हल्लीचे कोट एका हंगामात काखेतून फाटतात आणि वर दुकानात सगळ्यांत पुढे टांगलेले असतात.

मला घेतलं ऑरिन ह्यूस्बीने. साउथ डकोटात, जेम्स नदीच्या पलीकडे त्याची शेती. गहू, मका, सूर्यफूल, आणि बांधांवर मुद्दाम राखलेलं उंच गवत. त्या गवतात फेझंट राहायचे, लांब शेपटीचे रानकोंबडेच म्हणा. ऑरिन मोठा बोलका नव्हता. घामाचा, बंदुकीच्या तेलाचा आणि ओल्या कुत्रीचा वास मला त्याच्यामुळे लागला. तो मला वर्षातून एकदा मेण चोळायचा आणि कधी म्हणजे कधी पाण्यात घालायचा नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

आता तुम्हाला वाटेल, शिकार म्हणजे काय, दिसला पक्षी की उडव बार. छे! माळावरच्या पक्ष्यांना जेवढे नियम आहेत तेवढे तुमच्या शाळेलाही नसतील. ग्राउज पक्ष्याचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, फेझंटचा ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी. सकाळी दहाच्या आधी बार काढायचा नाही. दिवसाला माणशी तीनच पक्षी, आणि तेही नर. मादी मारायची नाही म्हणजे नाही, कारण पुढच्या वर्षीची पिल्लं तिच्या पोटी. घरी नेताना पक्षी सोलला तरी त्याचा एक पाय तसाच ठेवायचा. नराच्या पायाला टोकदार नखी असते, मादीचा पाय गुळगुळीत. अधिकाऱ्याने अडवलं की पाय दाखवायचा.

हे सगळं सरकार दरवर्षी छापतं, शिकारी ते खिशात घालतात आणि त्यात सँडविच गुंडाळतात.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्या गावात जी जत्रा भरते ती बघून मला हसू येतं. बाहेरगावचे लोक झुंडीने येतात. कालच घेतलेले बूट, बंदुकीवर अजून दुकानाची चिठ्ठी. चर्चमधल्या बायका त्यांना कॉफी आणि कॅरॅमलचे रोल खाऊ घालतात आणि हे तोंडात रोल धरून मागच्या वर्षीच्या थापा मारतात. मग सगळे रस्त्यावर घड्याळं बघत उभे. दहा वाजायचे असतात. आणि समोर, त्यांच्या नाकावर टिच्चून, फेझंटचा नर खडीचे दाणे टिपत रस्ता ओलांडतो. सगळा बंदूकधारी गाव त्या एवढ्याशा पक्ष्याकडे बघत असतो आणि कोणाला काही करता येत नाही. तो नर मला माणसांपेक्षा शहाणा वाटतो.

पण माझी गोष्ट एका ओरडण्याची आहे, म्हणून ते ओरडणं समजून घ्या. इकडे फेझंटच्या नराला कोंबडा म्हणतात आणि मादीला कोंबडी. मक्याच्या पट्ट्यातून माणसांची एक ओळ चालत जाते आणि पक्ष्यांना पुढे हुसकावते. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला म्हातारी माणसं बंदुका घेऊन उभी असतात. पक्षी उठला की ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, "कोंबडा!" किंवा "कोंबडी!" कोंबडी म्हटलं की सगळ्या बंदुका खाली. उन्हाकडे उडणारा पक्षी टोकावरच्याला काळाच दिसतो, म्हणून ही हाक. ती नीट बघून द्यायची असते. ऑरिनच्या ओळीत चुकीची हाक कधी कोणी दिली नव्हती.

मग ब्रेंट आला.

ब्रेंट म्हणजे ऑरिनची मुलगी मार्लिस हिचा नवरा. मिनिआपोलिसला घरांचे विमे विकतो. तोंड एवढं गोड की त्याच्या दोन वाक्यांनंतर मला माश्या बसल्यासारख्या वाटतात. पहिल्या वर्षी तो नुसताच चालला. एकही हाक दिली नाही, एकही पक्षी मारला नाही. संध्याकाळी जेवताना शेजारचा हार्लन वोल्मर त्याला म्हणाला, जावईबापू, तुम्ही मक्यात फिरायला आला होतात की झोपायला? सगळे हसले. ब्रेंटही हसला, पण त्याचे कान लाल झाले. ते मी खुंटीवरून पाहिलं.

इकडे माझ्या ऑरिनचं वेगळंच चाललं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. त्याचे डोळे गेले होते. अगदी आंधळा नव्हता, पण दोन वर्षांपासून त्याला दूरचं सगळं धुरकट दिसायचं. माझी बटणं तो बोटांनी मोजून लावायचा, तरी एक चुकायचंच. काडतुसाचा आकडा वाचण्याऐवजी अंगठ्याने जाडी चाचपायचा. आणि मैदानात पूर्वीसारखी बंदूक पक्ष्याबरोबर उठायची नाही, हाक आली की मग उठायची. तो हाकेवर बार काढत होता. मार्लिसला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी बंदूक कपाटात घालून किल्ली गाडीत टाकली असती. ऑरिनला तेच नको होतं. ऑक्टोबरातला तो एक शनिवार सोडला तर त्याच्या वर्षात उरलं होतं काय? बायको गेलेली, शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं, कुत्री म्हातारी. म्हणून तो गप्प राहिला, आणि मी कोट, मी काय बोलणार?

ब्रेंटच्या दुसऱ्या वर्षी, त्या शनिवारी वारा पडला होता. दहा वाजले तशी ओळ मक्यात शिरली. हार्लन, मार्लिस, ब्रेंट आणि गावातले आणखी दोघं. ऑरिन मला घालून टोकाला उभा. त्याच्या पायाशी ट्रूडी, तपकिरी लॅब्रडॉर, थरथरत बसलेली. पहिला पक्षी उठला, हार्लन ओरडला, "कोंबडा!" ऑरिनने पाडला. त्याचं काळीज माझ्या शिवणीवर धडधडत होतं. खूश होता म्हातारा.

दुसरा पक्षी ब्रेंटच्या पायाखालून उठला. आता या शहाण्याच्या डोक्यात काय होतं ते मी सांगतो. मागच्या वर्षीचं हसणं होतं. या वेळी पहिली हाक आपली, एवढंच. समोरून उडालेला पक्षी मातकट, शेपटी आखूड, डोक्यावर ना हिरवा ना लाल. शेळ्या राखणाऱ्या पोरानेही मादी ओळखली असती. आणि हा गाढव गळा फाडून ओरडला, "कोंबडा! कोंबडा!"

ऑरिनने बार काढला. पक्षी खाली आला.

ट्रूडी धावत गेली, उचलून घेऊन आली आणि तिने तो ऑरिनच्या हातात दिला. ऑरिनने पक्ष्याकडे बघितलंच नाही. त्याचा अंगठा पायावरून फिरला, पुन्हा फिरला. नखी नव्हती.

ओळ मक्यातून बाहेर आली. सगळ्यांनी पाहिलं. ब्रेंट पहिला बोलला. लहान नर असेल, म्हणाला. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, टाका ना पाठीतल्या खिशात. कोण बघायला येतंय?"

मित्रांनो, माझ्या त्या खिशात किती पक्षी गेले याची गणती नाही, पण एवढी किळस मला कधी आली नाही.

बघायला येतंय कोण, तर रस्त्यावर धूळ उडालीच. डॅना क्विस्टची गाडी. डॅना म्हणजे आमच्या भागाची शिकार अधिकारी. पहिल्या दिवशी ती प्रत्येक शेताच्या टोकाला थांबते. ऑरिनला ती लहानपणापासून ओळखते, त्याच्याच बंदुकीने पहिला नेम धरायला शिकली. ऑरिनच्या हातात लोंबणारी मादी तिला गाडीतूनच दिसली असणार. उतरली, टोपी मागे सरकवली आणि कोणी मारली विचारलं.

ब्रेंट पटकन पुढे झाला. बाबांनी, म्हणाला. आणि एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला नुसता भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "मी तर कोंबडी म्हणून ओरडलो होतो."

हार्लन जमिनीवर थुंकला. मार्लिसने नवऱ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिने हाक स्वच्छ ऐकली होती. सगळ्यांनीच ऐकली होती.

डॅना काही दुधखुळी नव्हती. तिने ब्रेंटकडे दुर्लक्ष केलं आणि ऑरिनला हळूच वाट करून दिली. "काका, ऊन समोरून होतं ना? उन्हात चूक होते. तसं लिहिते मी. दंड होईल, पण पुढच्या वर्षी या तुम्ही परत."

आता बघा. म्हातारा म्हणू शकत होता, हो, ऊन होतं. कोणी त्याला खोटं पाडलं नसतं. किंवा म्हणू शकत होता, हा माझा जावई धादांत खोटं बोलतोय, विचारा सगळ्यांना. मी मनातल्या मनात त्याला तेच सांगत होतो. बोल, बोल, लाज काढ त्या विमेवाल्याची!

ऑरिन म्हणाला, "ऊन पाठीला होतं, डॅना. मला दिसलंच नाही. दोन वर्षं झाली, मला पक्षी दिसत नाहीत. हाक आली की मी बार काढतो."

मार्लिसने हात तोंडावर ठेवला. शेतात याच्यापेक्षा मोठी कबुली नसते हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. न बघता बार काढणाऱ्याबरोबर कोणी उभंसुद्धा राहत नाही.

ऑरिनने बंदूक उघडली, काडतुसं काढली आणि बंदूक मार्लिसच्या हातात दिली. ब्रेंट पुटपुटला, एवढं बोलायची काय गरज होती बाबा, ऊन म्हणाला असतात तर मिटलं असतं. तेव्हा ऑरिन त्याच्याकडे वळला.

"तू मक्यातून माझ्या समोरच चालत येत होतास ना, ब्रेंट? पक्षी जरा खालून उडाला असता तर? आज कोंबडी होती म्हणून दंडावर भागलं."

ब्रेंटच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तेवढा वेळ तो मला माणसासारखा दिसला, खोटं कशाला बोलू.

डॅनाने मादी नेली, दंडाचा कागद फाडून दिला. ऑरिनने माझ्या खिशातला सकाळचा कोंबडा हार्लनला देऊन टाकला, मला काढलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला ठेवलं. नुसत्या सदऱ्यावर तो किती लहान दिसत होता! मला त्या माणसाच्या अंगावर इतकी वर्षं राहूनही कळलं नव्हतं, की त्याचे खांदे एवढे उतरलेत. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

हिवाळाभर मी खुंटीवर होतो. मार्लिसच्या मी गुडघ्यापर्यंत येतो, म्हणून उन्हाळ्यात ब्रेंटनेच मला उचललं. ब्रेंटने पहिलं काम काय केलं असेल? मला यंत्रात घालून सुवासिक पावडरीने धुतलं! मेण गेलं, वास गेला, रबरी अस्तराला सुरकुत्या पडल्या. आता मला लॅव्हेंडरचा वास येतो. ट्रूडीने मला हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेली. शिवाय हा गावच्या बारमध्ये मला घालून बसतो आणि परक्यांना सांगतो, सासऱ्याचा कोट आहे, बिचाऱ्याची नजर गेली, आम्ही सांभाळून घेतलं. आम्ही! ऐकणारे बिअर पाजतात, हा पितो.

आणि पुन्हा तो शनिवार आला. तोच मका, तीच ओळ. ऑरिन बंदुकीशिवाय, खुर्ची टाकून रस्त्याच्या कडेला बसलेला. दहा वाजले. हार्लनच्या समोर पक्षी उठला, दोन बाजूंनी हाक आली, "कोंबडा!" मार्लिसच्या समोर मादी उठली, लगेच हाक. ओळ नेहमीसारखी बोलत होती.

मग ब्रेंटच्या समोर एक उठला. फडफडाट एवढा मोठा, की बहिऱ्यालाही कळावा. ब्रेंटने बंदूक उचलली आणि थांबला. हाकेची वाट बघत थांबला. डावीकडे हार्लन, तोंड मिटून. उजवीकडे मार्लिस, तोंड मिटून. पलीकडचे दोघंही तसेच. सगळ्यांचे डोळे वर, पक्ष्यावर, आणि कोणी अवाक्षर काढत नव्हतं. पक्षी माळावरून लांब गेला, ठिपक्याएवढा झाला. माझ्या आत ब्रेंटला घाम फुटला होता, लॅव्हेंडरचा.

"अरे, काय होतं ते? कोणी ओरडलं का नाही?" त्याने विचारलं.

मार्लिस त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या पायाखालून उठलं. तूच सांग."

आणि ती पुढे चालू लागली, ओळही पुढे गेली. दिवसभर हेच. दुसऱ्यासाठी हाक, ब्रेंटसाठी नाही. त्याने एकही बार काढला नाही, कारण नर कुठला आणि मादी कुठली हे त्याला एकट्याने ठरवायचं होतं, आणि तेवढी छाती त्याच्याकडे नव्हती.

तर मित्रांनो, आता शेवटी मी काहीतरी मागायचं असतं. मला मेण लावा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझी जी व्हायची ती दशा झाली. तुम्ही फक्त एवढं करा. दिसलं नसेल तर दिसलं नाही म्हणा, मग हातातलं काय सुटायचं ते सुटू दे. माझ्या म्हाताऱ्याने ते सहा माणसांसमोर म्हटलं. त्या संध्याकाळी माझा पाठीतला खिसा रिकामाच घरी गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला.