कान्हूचं आठवं कांडम्

पुरुषाचा उजवा अंगठा, बाईचा डावा. शाई पुसायची चिंधी खिडकीत. पेणच्या मूर्ती कारखान्यांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून पूजा हे दिवसातून वीसदा सांगायची. अंगठ्याच्या रेषांना तामिळमध्ये रेगै म्हणतात. रेषा बघून आतल्या खोलीतून पानांचा गठ्ठा आणतात, तो कट्टु. गठ्ठ्यातलं ताडाचं पान ते ओलै. अय्या एकेक पान वाचून विचारतील, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. लोक हटकून जास्त बोलायचे.

पान जुळलं की मग कांडम्. कांडम् म्हणजे प्रकरण, पुस्तकात असतं तसं. पहिल्या कांडात अख्ख्या जन्माचा सारांश, सातव्यात लग्न, आठव्यात आयुष्य आणि मरण, तेराव्यात मागच्या जन्माचं पाप आणि त्यावरची शांती. नवखी माणसं तेराव्याला टरकायची. पूजाला हसू यायचं. भ्यायचंच तर आठव्याला भ्यावं की!

नाडीभविष्य वाचणारे मुत्तुवेल अय्या कावेरीकडच्या एका गावाहून आलेले. सोमवार ते गुरुवार पेण, शुक्रवार ते रविवार रोहा. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं आणि गिऱ्हाइकाला तामिळ. पूजाचा बाप रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होता, त्याची बदली तामिळनाडूत कडलूरला झाली आणि पूजा दहावीपर्यंत तिथंच शिकली. म्हणून ही नोकरी तिच्याकडे चालत आली.

यातली मेख तिला दुसऱ्याच आठवड्यात कळली होती. आई आहे? नाही. पान उलट. भाऊ दोन? नाही. पान उलट. चाळीस नाही आणि पाच हो यांतून माणसाचं सगळं घरदार गाळून हाती येतं, आणि मग तेच घरदार सूर लावून म्हटलं की समोरचा हात जोडतो. पूजाला त्याचा राग नव्हता. रडत आलेली माणसं जिना उतरताना निदान सरळ चालायची. पण जे काही अय्यांच्या कानावर जायचं ते तिच्याच जिभेवरून जायचं, दुसरी वाट नव्हती, हे ती पक्कं ओळखून होती. आणि त्या मंगळवारी तिने याचाच फायदा घ्यायचं ठरवलं होतं.

मंगळवारी तिची सासू येणार होती.

पूजाचा नवरा कान्हू सात वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत गेला. गाव खाडीकाठचं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला रात्रीत भगदाड पडलं होतं. कान्हू सकाळी तिकडे गेला तो परतला नाही. होड्या फिरल्या, जाळी टाकली, हाती काही लागलं नाही. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग बारावं-तेरावं करतात. भावकीने तीनदा सांगून पाहिलं. सासू धोंडुबाई एवढंच म्हणायची, "नाय." का नाही, ते सांगायची नाही. मिठागरात राबून हाडं झिजलेली बाई, पण तिचा नकार हलवायची कुणाची टाप नव्हती.

आता कोलाडला हायवेवर गॅरेज असलेल्या प्रविणने पूजाला मागणी घातली होती. भला माणूस, बायको वारलेली, दोन वर्षं थांबला होता. कायद्याने वाट मोकळी होती. पण पुतळा जळल्याशिवाय, सासूने हो म्हटल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं पूजाच्याने होत नव्हतं. तशी ती भित्री नव्हती. एका गोष्टीचं भय मात्र तिच्या पोटात सात वर्षं बसून होतं. भरतीच्या दिवशी मागच्या अंगणात चिखलात पाय रुतवत कुणीतरी चालल्याचा आवाज यायचा. दारापर्यंत यायचा आणि थांबायचा. ती कानावर उशी दाबून पडून राहायची.

नाडीवाल्याची कीर्ती ऐकून धोंडुबाई स्वतःच म्हणाली होती, "माझ्या कान्हूचं पान बघ म्हनावं त्याला." पूजाने तिला बजावून ठेवलं, तिथे मला सून म्हणू नका. अय्यांना तिने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की माझा नवरा कतारला आहे. तेव्हा बेत सोपा होता. अय्यांना सगळी उत्तरं खोटी द्यायची. ते भलतंच पान काढून भलतंच वाचतील, आणि मराठीत पूजा सांगेल, आठव्या कांडात लिहिलंय, तुमचा मुलगा गेला, त्याचे विधी करा. एका म्हातारीला एकदा फसवायचं आणि सुटायचं.

धोंडुबाई सकाळी अकराला जिना चढून आली. पिशवीतून तिने घराच्या खरेदीखताची नक्कल काढली. सहीशेजारी कान्हूच्या उजव्या अंगठ्याचा ठसा होता.

अय्यांनी कागद उजेडात धरला. "माणूस कुठाय?" त्यांनी तामिळमध्ये विचारलं. "जो येतो त्याचंच पान उघडतं. आला नाही त्याचं सापडत नाही."

"परदेशी आहे," पूजा म्हणाली. "आई आलीय. बघा तरी."

ते कुरकुरत आत गेले आणि एक कट्टु घेऊन आले. दोरी सोडली. खालच्या कारखान्यातून पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत होता. पहिली चार पानं नेहमीसारखी गेली. पाचव्यावर त्यांनी विचारलं, "आई हयात?"

पूजाने मराठीत भलतंच विचारलं, "तुमी बऱ्या आहात ना?" धोंडुबाईने मान हलवली. पूजा तामिळमध्ये म्हणाली, "ही सावत्र आई. सख्खी आई वारली."

अय्यांनी पान उलटायला बोट लावलं, पण उलटलं नाही. "पुन्हा विचार," ते म्हणाले. "इथं लिहिलंय, आई जिवंत. मिठावर पोसलेली."

साडीवरून ओळखलं असेल, पूजाने स्वतःला समजावलं. हातांच्या भेगा बघितल्या असतील. ती म्हणाली, "नाही अय्या. सख्खी आई वारली. भाऊ तीन आहेत."

"एकुलता," अय्या म्हणाले. ते तिच्याकडे बघतच नव्हते. एरवी ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत वाचायचे. आता नजर पानावर होती आणि आवाजातला गोडवा गेला होता. "नाव कृष्णाचं. बायकोच्या नावात पूजा आहे. तू उत्तरं नीट देत नाहीस, बाळा. तुझी उत्तरं पानाशी जुळत नाहीत."

पूजाच्या नोकरीच्या चार महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. तिने दिलेलं एकही उत्तर खरं नव्हतं, मग या माणसाला हे कुणी सांगितलं? गल्लीत कुणी बोललं असेल? प्रविण? प्रविणला तर अय्या माहीतही नव्हते.

"काय म्हनतंय गो?" धोंडुबाईने विचारलं.

"शोधतायत अजून," पूजा म्हणाली.

अय्यांनी न विचारताच आठवं कांडम् काढलं. सूर न लावता, सरळ बोलल्यासारखं वाचू लागले. तेहतिसावं वर्ष, आडी महिना, म्हणजे आपला आषाढ, पुनवेचं पाणी. बांधाला भगदाड. तीन माणसांचं काम एकट्याला झेपेना म्हणून हा घरी परतला होता. बायको दारात उभी होती. पिकात खारं पाणी शिरलं तर वर्षभर खायचं काय, म्हणून ती भांडली. म्हणाली, बांध भरल्याशिवाय या घरात पाय ठेवू नका.

ते वाक्य पूजाने दारात उभं राहून म्हटलं होतं तेव्हा घरात तिसरं माणूस नव्हतं. धोंडुबाई बहिणीकडे निडीला गेली होती. सात वर्षांत पूजाने ते कुणापुढे, अगदी देवापुढेही उच्चारलं नव्हतं. कान्हूने तिच्याकडे एकदा बघितलं होतं, पायातला चिखल तिथेच झटकला होता आणि तो मागे फिरला होता. भांडणात माणूस काय काय बोलतं, ते काय खरं असतं? पण तो खरं मानून गेला.

"शेवटी लिहिलंय," अय्या म्हणाले, "पान ऐकायला तो स्वतः येईल. आईच्या डाव्या हाताला बसेल. घराच्या उंबऱ्यापर्यंत आलाय, आत यायची परवानगी नाही." त्यांनी पान खाली ठेवलं आणि धोंडुबाईच्या डाव्या बाजूला, रिकाम्या चटईकडे बघून हात जोडले. "हे तिला सांग. शब्दन् शब्द सांग. मी तीस वर्षं हे काम करतो, बाळा. पोटासाठी करतो. असं वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती."

खालचं घासणं थांबलं होतं, कारागीर चहाला गेले असावेत. चटईवर उजव्या टोकाला धोंडुबाई बसली होती. एवढी मोठी चटई सोडून ती काठाला का बसली आहे, हे पूजाच्या आत्ता लक्षात आलं. खोलीत खाडीच्या चिखलाचा वास येत होता, की तिला तो उगाच वाटत होता, कुणास ठाऊक.

अजूनही वेळ गेली नव्हती. तुमचा मुलगा गेला, पुतळा करा, एवढंच मराठीत म्हणायचं. अय्यांना कळणार नव्हतं, सासूला कळणार नव्हतं, आणि पुढच्या महिन्यात ती कोलाडला असती. तिने तोंड उघडलं, आणि तिला प्रविणच्या घराचं मागचं दार दिसलं, आणि त्या दाराबाहेर थांबलेला पायांचा आवाज.

"आई," ती म्हणाली. सून म्हणू नका असं बजावलेलं ती विसरलीच. "त्यांना मी पाठवलं. ते परत आले होते. दमले होते. मी घरात घेतलं नाय. म्हटलं, बांध भरल्याबिगर या घरात पाय ठेवू नका." एवढं बोलून ती सासूच्या हाताकडे बघत राहिली. तो हात आता आपल्या थोबाडीत बसावा असं तिला मनापासून वाटत होतं.

धोंडुबाईचा हात हलला नाही. "ठाव हाय मला," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? त्योच. भरती आली का मागल्या दाराशी येऊन उभा ऱ्हातो. मी म्हनते, ये रं पोरा आत. नाय येत. तिनं सांगितलंय म्हनतो, बांध भरल्याबिगर नको. सात वर्सं झाली गो, आयशीच्या हाकेनं उंबरा वलांडला नाय त्यानं. समदे म्हनतात पुतला जाल. पोर दाराभाईर भिजत उभा असताना कसा जालू? तुला सांगायची तर तू कानावर उशी घेऊन निजायचीस. मला वाटलं, कदी ना कदी तुझ्या तोंडून येल. आज आला. आता मला नको सांगू. त्याला सांग."

पूजा उठली आणि चटईच्या डाव्या टोकासमोर जाऊन बसली. अय्या खाली मान घालून होते. समोर काहीच नव्हतं, विणीतून सुटलेली एक काडी होती.

"बांध भरला," ती म्हणाली. "गावाने दुसऱ्याच महिन्यात भरला. माझं चुकलं वो. घरात या."

ती वाट बघत राहिली. काही हललं नाही, काही आवाज झाला नाही. मग शेजारी धोंडुबाईने डावा हात हळूच चटईवर फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो रिकाम्या जागेवर तिथेच राहिला. "सुटला गो माझा पोर," ती म्हणाली. खाडीवरून परत आलेल्या होड्या रिकाम्या बघितल्या तेव्हा जी बाई रडली नव्हती, तिने पदर तोंडावर घेतला आणि मेलेल्या माणसासाठी काढतात तसा, कान्हूचं नाव घेऊन मोठ्याने गळा काढला.