आपला बिल्ला आपल्या हातानं

मी एक जुनी लाकडी फळी आहे. मित्रांनो, रोज सकाळी तुम्ही ज्या खिळ्यांना दप्तरं अडकवता, ते माझ्याच अंगात ठोकलेले आहेत. परवा तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्यावर खडूने मांजर काढलं. माझी तक्रार नाही, मांजर बरं जमलं होतं. पण मी जन्मापासून काही शाळेच्या भिंतीवर नव्हते. मी कुठून आले हे तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून आज मीच सांगते.

मी मूळची इथल्याच, नवापूरच्या एका मचव्याची, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या होडीची. समुद्राचं पाणी आणि माशाचं तेल पिऊन पिऊन माझा साग काळा पडला होता. मचवा म्हातारा होऊन मोडीत निघाला, तेव्हा माझ्या बहिणी चुलीत गेल्या. मीही गेलेच असते. पण त्या सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, आणि तिथल्या आत्माराम सुताराला उन्हापावसात न वाकणारी फळी हवी होती. त्याने मला रंधा मारला, पांढरा रंग दिला, ओळीने खिळे ठोकले आणि एका भल्यामोठ्या लोखंडी टाकीच्या तोंडाशी उभं केलं.

माझं काम सोपं होतं. प्रत्येक कामगाराजवळ त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला असे. टाकीत उतरताना तो माझ्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. बिल्ला दिसतो म्हणजे माणूस आत आहे. सगळे खिळे रिकामे झाल्यावरच टाकीचं झाकण लावायचं. हा नियम मुकादम चंद्रभानचा. तो मनोरचा, बोलायला कारल्याहून कडू. ‘आपला बिल्ला आपल्या हातानं’ हे तो इतक्यांदा म्हणे, की लोकांनी त्याचं नावच ‘आपल्या हातानं’ पाडलं. पाणी आणणारी गोदूबाई तर विचारी, मुकादम घरी जेवायला बसण्याआधी बायकापोरांना खिळ्याला टांगतो की काय. सगळे हसत, चंद्रभान हसत नसे. तो सांगे की आज इथे नुसतं लोखंड आहे. उद्या अणुभट्टी चालू झाली की धोका डोळ्यांना दिसणार नाही की नाकाला कळणार नाही. आत कोण आणि बाहेर कोण, हे तेव्हा शिकायला बसलात तर उशीर झालेला असेल. मला त्याचं म्हणणं पटे. समुद्रावर वाढलेल्या लाकडाला न दिसणारा धोका समजतो.

टाकी साफ करणाऱ्यांत जानू आणि नामदेव हे दोघे नवापूरचे, एकाच होडीवर वाढलेले. आपल्या किनाऱ्यावरची रीत तुम्हाला सांगायला नको. होडीतून जो आधी उतरतो, तो मागच्याचीही माशांची पाटी उचलून नेतो. विचारत बसत नाही. जानूच्या हाताला ही रीत लहानपणापासून लागलेली.

एके दिवशी टाकी पुसून झाली. आता तिच्यात पाणी भरून कुठे गळते का ते पाहायचं होतं. जानू वर आला. नामदेव मात्र टाकीच्या तळाशी जोडलेल्या पाइपात शिरला होता, आत अडकलेली एक चिंधी काढायला. जानूने आपला बिल्ला काढला, आणि मागून येतोच आहे म्हणून नामदेवचाही काढला. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड हवं होतं. लाकडाला ते नसतं.

चंद्रभान आला. त्याने माझे रिकामे खिळे पाहिले, वाकून टाकीत एक हाकही मारली. पण शेजारी यंत्र धडधडत होतं, पाइपात आवाज पोचला नाही. झाकण बसलं. माणसं पाने घेऊन बोल्ट आवळू लागली आणि एकाने पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला घेतला.

जानू नळावर हात धुवायला गेला होता. त्याने मूठ उघडली, तर आत दोन बिल्ले. नामदेव मात्र कुठे दिसेना.

तो माझ्याकडे धावत आला. त्या दिवसांत केंद्रातल्या पक्क्या नोकरीसाठी माणसं निवडणं चाललं होतं आणि जानूचं नाव पुढे होतं. चूक कबूल करणारा दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर दिसतो, अशी बांधकामावर सगळ्यांची समजूत. त्याने गुपचूप नामदेवचा बिल्ला मला अडकवला असता आणि ‘अरे, हा एक राहिला’ म्हणून ओरडला असता, तर दोष चंद्रभानच्या डोळ्यांवर गेला असता. जानूचा हात माझ्या खिळ्यापर्यंत आला. मला त्याचा ओला अंगठा लागला. मग त्याने हात मागे घेतला आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचं मनगट जाऊन धरलं.

“पानी बंद कर. नामदेव आत हाय. त्याचा बिल्ला मी काडला.”

व्हॉल्व्ह बंद झाला, बोल्ट सुटले. चंद्रभान स्वतः आत उतरला. पाइप तळाशी, म्हणून पाणी आधी तिथेच शिरलं होतं. त्याने नामदेवला वर आणला, तेव्हा तो छातीपर्यंत भिजलेला होता आणि त्याचे दात वाजत होते. सगळे चंद्रभानकडे बघू लागले. आता जानूचं काय होतं, हेच प्रत्येकाच्या मनात होतं.

“चूक जानूनं केली, आन् सांगितली बी त्यानंच,” चंद्रभान म्हणाला. “जो सांगंल त्याचा हात धरायचा, गळा नाय. गळा धरला तर उद्या कोन सांगनार?”

मग तो म्हणाला की नुसत्या खिळ्यांवर आपणही विसंबलो. यापुढे झाकण लावण्याआधी एक माणूस आत उतरून पाहील, आणि उद्या तो माणूस आपण असू.

दुसऱ्या दिवशी टाकीत पुन्हा उतरायचं होतं. नामदेव येतो की नाही, याची मला रात्रभर काळजी होती. तो आला. माझ्यासमोर उभा राहिला. जानू बाजूलाच होता, हात पाठीमागे बांधून. नामदेवने आपला बिल्ला खिळ्याला अडकवला.

“माज्या बिल्ल्याला हात लावू नको,” तो जानूला म्हणाला. “पन मी भायेर येईपत्तर हितून हालू नको.”

जानू हलला नाही. गोदूबाईने आणलेला चहा त्याच्या पायाशी निवून गेला.

पुढे काम संपलं, तारांमधून वीज वाहू लागली. दोघांनाही केंद्रात पक्की नोकरी लागली. आता ते छातीवर बिल्ला लावतात. अणुभट्टीचे न दिसणारे किरण अंगाला किती लागले ते त्यातली फिल्म सांगते. तो कुणी दुसऱ्याचा लावत नाही. बांधकामाच्या शेड मोडल्या, तेव्हा चंद्रभानने मला चुलीत जाऊ दिलं नाही, तुमच्या शाळेत आणून दिलं.

मित्रांनो, पावसाळ्याआधी मला थोडं तेल लावत जा. आणखी एक मागणं आहे. शाळा सुटली की कुलूप लावण्याआधी गुरुजी माझ्याकडे बघतात. एक जरी दप्तर दिसलं तरी थांबतात. म्हणून तुम्ही फक्त आपलंच दप्तर काढा. शेजारच्या खिळ्यावर मैत्रिणीचं राहिलं असेल तर ते तसंच राहू द्या, आणि ती येईपर्यंत दारात उभे राहा.